त्याची वही नेमकी कोण लिहितं?

चौथीच्या एका वर्गशिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "वर्गात ३४ मुलं आहेत. त्यांतल्या एकाला ऑटिझम आहे. त्याच्याजवळ पूर्ण वेळ एक सहायक शिक्षिका बसते. ती मनापासून काम करते, आमचं भांडण नाही. पण एकाच खोलीत आम्ही दोन वेगळे वर्ग चालवतोय असं वाटतं. ती नसेल तर तो वही उघडत नाही. दोघींनी मिळून काम करायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं? आणि जमलंच नाही तर सहायक बदलून मागावी का?"

बदलून मागण्याचं शेवटी बोलू. आधी उद्या एक छोटं काम करा. एका तासाला जवळ कागद ठेवा आणि तुम्ही त्या मुलाशी थेट बोललात की एक रेघ ओढा. वर्गाला उद्देशून बोललेलं मोजायचं नाही, त्याच्याकडे बघून बोललेलंच मोजायचं. मी एकदा एका शिक्षिकेच्या विनंतीवरून मागच्या बाकावर बसून हे मोजलं होतं. ३५ मिनिटांत दोन रेघा आल्या. दुसरी रेघ "झालं का त्याचं लिहून?" या वाक्याची होती, आणि ते वाक्य सहायक ताईंना होतं. म्हणजे खरी रेघ एकच. बाई शिकवायला उत्तम होत्या. त्यांना कागद दाखवला तेव्हा पहिली प्रतिक्रिया "असं कसं होईल?" अशीच होती.

हे असंच होतं. त्याच्याजवळ एक मोठं माणूस बसलंय म्हटल्यावर आपलं लक्ष आपोआप उरलेल्या तेहतीस जणांकडे जातं. त्यात आळस नसतो, थोडा सुटकेचा श्वास मात्र असतो. तो मान्य केल्याशिवाय पुढचं काही जमत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, कारण मी सुरुवात सहायक म्हणूनच केली. विशेष शिक्षिका, म्हणजे अपंग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका, झाले ते नंतर. ज्या मुलाबरोबर मी वर्षभर बसले त्याची वही वर्गात सगळ्यांत नीटनेटकी होती. समास आखलेले, उत्तरं पूर्ण, खाली बाईंचा लाल शेरा "छान!". सहामाहीला लेखी परीक्षेत मला त्याच्याजवळ बसू दिलं नाही आणि त्याने पेपर जवळजवळ कोरा दिला. नाव, तारीख आणि पहिल्या प्रश्नाचा क्रमांक. मी घरी येऊन त्याची वही पहिल्या पानापासून चाळली. अक्षर त्याचंच होतं. पण प्रत्येक ओळीच्या आधी मी कानात काहीतरी कुजबुजले होते, ते वहीत कुठेच दिसत नव्हतं. बाईंना वाटत होतं त्याला येतंय. मला वाटत होतं मी मदत करतेय. त्याला नेमकं काय येतं हे आम्हां दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

हा फक्त माझा अनुभव नाही. शिक्षण-संशोधक मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वर्गांचं निरीक्षण करून हेच मांडलं: सहायक सतत चिकटून बसला की मूल मोठ्यांवर अवलंबून राहतं, वर्गातल्या मुलांपासून तुटतं, आणि वर्गशिक्षकाला ते आपलं मूल वाटेनासं होतं. पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास झाला. त्याचे २००९ मध्ये आलेले निष्कर्ष बऱ्याच जणांना झोंबले. ज्या विद्यार्थ्यांना सहायकांची मदत जास्त मिळाली त्यांची प्रगती तुलनेने कमी दिसली, आणि मुलांची आधीची पातळी व गरज हिशेबात धरल्यावरही चित्र बदललं नाही. हे वाचून काही ठिकाणी "मग सहायक हवेत कशाला?" असा सूर निघाला. तो चुकीचा आहे. दोष सहायकांना कामाला लावण्याच्या पद्धतीत होता. पूर्वतयारीशिवाय वर्गात आलेलं माणूस, सगळ्यांत अवघड शिकणारं मूल, आणि "हे पूर्ण करून घ्या" एवढीच सूचना, असा तो प्रकार होता. तेच सहायक जेव्हा प्रशिक्षण घेऊन, ठरलेल्या थोड्या वेळात, आखून दिलेला एखादा वाचनाचा किंवा गणिताचा कार्यक्रम चालवतात तेव्हा मुलांना फायदा झालेला दिसतो.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्यातून येतं: तो मुलगा तुमचा विद्यार्थी आहे. त्याला शिकवायचं तुम्ही. त्या शिकवण्याला वाट करून द्यायची तिने. आज तुमच्याकडे हे उलटं झालंय.

उलटं सुलट करायला सर्वांत सोपा उपाय म्हणजे जागांची अदलाबदल. आठवड्यातून तीन-चारदा, सरावाची उदाहरणं सुरू असताना, दहा मिनिटं तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तिला बाकीच्या वर्गात फिरू द्या. वर्ग तिच्यावर सोडून बाहेर जायचं नाही, तुम्ही खोलीतच आहात. ती वह्या बघेल, अडलेल्यांना हात देईल, नाहीच जमलं तर तुमच्याकडे पाठवेल. पहिल्या आठवड्यात गडबड होईल, होऊ द्या. या दहा मिनिटांत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. शिवाय वर्गातल्या मुलांसाठी ती 'त्याची टीचर' उरणार नाही, 'आपली टीचर' होईल. तुमची मुलं आज तिला काय म्हणतात ते ऐकाच एकदा.

आता तयारीचं. तुम्हाला दोघींना मिळून बसायला वेळ नसणार हे मी गृहीत धरते, कारण तो जवळपास कुणालाच नसतो. सहायक मुलाबरोबर वर्गात येते आणि मुलाबरोबरच निघते. धडा कुठला आहे हे तिला मुलांबरोबरच फळ्यावर कळतं, आणि मग ती कान तुमच्याकडे ठेवून, तोंडाने कुजबुजत, जमेल तसं समजावते. यावर मी वर्षानुवर्षं एक चिठ्ठी वापरते. पोस्टकार्डाएवढी. लांबलचक पाठटाचण कुणी वाचत नाही, ही वाचली जाते. अपूर्णांकांच्या एका तासाची खरी चिठ्ठी अशी होती:

"आज: छेद समान असलेल्या अपूर्णांकांची बेरीज.
शब्द: अंश, छेद.
त्याच्याकडून हवंय: छेद तसाच का राहतो हे पट्ट्या दाखवून तोंडी सांगणं. लेखी फक्त २ उदाहरणं.
मदत: कागदी पट्ट्या. पहिली ५ मिनिटं लांब उभं राहायचं."

एवढंच. तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि लिहायला सगळ्यांत अवघडही. ती लिहिताना तुम्हाला ठरवावं लागतं की या तासातून त्याच्या हाती काय लागायला हवं. ते तुम्हीच ठरवलं नाही तर सहायक एकच ध्येय धरणार: सगळ्यांची दहा उदाहरणं झाली ना, मग याचीही दहा झाली पाहिजेत. मग कुजबूज वाढते. इथे एक सावधगिरी सांगते. तिसरी ओळ म्हणजे 'त्याच्यासाठी सोपं काम' नव्हे. सगळे अपूर्णांक शिकत असताना त्याला रंग भरायला देणं हे माझ्या दृष्टीने मुलाला वर्गाबाहेर बसवण्यासारखंच आहे. कल्पना तीच हवी, दाखवायची रीत वेगळी असू शकते.

परतीची चिठ्ठी नको. त्याऐवजी वहीच्या समासात खुणा करायला सांगा. आम्ही तीन अक्षरं ठरवली होती: 'स्व' म्हणजे स्वतः केलं, 'इ' म्हणजे इशारा दिल्यावर केलं, 'दा' म्हणजे करून दाखवावं लागलं. वही तपासताना एका नजरेत कळतं. माझ्या त्या जुन्या वहीत या खुणा असत्या तर पानोपानी 'दा' दिसला असता आणि सहामाहीपर्यंत वाट बघावी लागली नसती.

मदत द्यायची कशी, यावर जरा जास्त लिहिते, कारण खरी मेख इथे आहे. समजा उदाहरण आहे ५२ वजा २७. मुलाने एककाच्या घरात ५ लिहिले. त्याने ७ मधून २ घालवलेत, मोठ्यातून लहान. आता तो ३५ लिहिणार. सहायकाचा हात खोडरबराकडे जातो, "अरे, दशक सुटा कर ना" असं तोंडातून निघतं, आणि झालं, विचार तिने केला. त्याऐवजी पायरीपायरीने जायचं. पहिली पायरी, काहीच न बोलणं. खरंच काही नाही, मनात पाच-सहा आकडे मोजायचे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ज्या मुलाला ऐकलेलं समजायलाच वेळ लागतो त्याला तीनही अपुरे पडतात. थांबून झालं, तो हलला नाही, तर "आता काय बघायचं असतं?" एवढंच. मग "वरच्या अंकातून खालचा जायचा ना? वाचून दाखव." मग थोडा स्पष्ट इशारा: "२ मधून ७ जातात का?" तरीही नाही, तर बाजूला पाटीवर दुसरंच उदाहरण घ्यायचं, ६३ वजा ३८, ते बोलत बोलत आपण करायचं, आणि मग पेन्सिल त्याच्या हातात देऊन त्याच्या उदाहरणाकडे परतायचं. त्याचं उदाहरण आपण सोडवायचं नाही. समासातल्या खुणा सोडल्या तर त्याच्या वहीत मोठ्या माणसाचा हात जात नाही, हा माझा एकमेव कडक नियम आहे.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. ती सगळीकडे सांगितली जाते, पण परांची उतरवतात, म्हणजे मदत हळूहळू कमी करत न्यायची असते, हा भाग बहुतेक ठिकाणी विसरला जातो.

या पायऱ्या तुम्ही दोघींनी एकाच पद्धतीने वापरल्या पाहिजेत. ती थांबते आणि तुम्ही लगेच उत्तर सांगता, असं झालं तर मूल तुमच्याकडे बघायला शिकेल. तेही ठीक, पण मग परत तेच.

बसण्याची जागा. त्याच्या शेजारची खुर्ची काढून टाका. तिने तीन-चार मुलांच्या गटामागे, थोडं तिरकं बसावं, म्हणजे त्याच्यासकट इतरांच्याही वह्या दिसतात आणि त्याच्या शेजारी बसायला वर्गमित्राला जागा होते. खोडरबर मागायला त्याला आधी शेजाऱ्याकडे वळावं लागलं पाहिजे. ही लहानशी गोष्ट वाटते, पण पूर्ण वेळ सहायक असलेल्या मुलाला दिवसभरात एकदाही बरोबरीच्या मुलाकडे काही मागावं लागत नाही, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

इथे एक मोठा अपवाद. 'मदत कमी करत न्यायची' हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. स्नायूंच्या आजाराने ज्याचे हात चालत नाहीत त्याची लेखनिक कमी करायची नसते. शौचाला नेणं, उचलून बसवणं यांत स्वावलंबनाचा आग्रह मुलाच्या प्रतिष्ठेपेक्षा मोठा नाही, आणि त्याबद्दल वर्गात मोठ्याने बोलायचं नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी हा सहायकच नव्हे. तो आवाज आहे. त्याच्याशी नाही, मुलाशी बोला, मुलाकडे बघून बोला, आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका. अंध किंवा कमी दिसणारं मूल असेल तर तुमच्या एका सवयीने सहायकाचं अर्धं काम वाचतं: जे लिहाल ते म्हणा. "हे इथून वजा करायचं" याचा त्याला काही उपयोग नाही. "बावन्नमधून सत्तावीस" म्हटलं की पुरे. गंमत म्हणजे मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच ते बरं पडतं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं २४ वं कलम सांगतं की लागेल तो आधार सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेच्या आतच मिळायला हवा. 'आत' हा शब्द मी नेहमी वर्गाच्या मापाने वाचते. खोलीत बसलेलं, पण दिवसभर एकाच मोठ्या माणसाशी बोलणारं मूल आत आहे का?

उद्रेकाच्या वेळी काय करायचं हे शांत दिवशी ठरवा. तो कान झाकून ओरडायला लागला आणि तुम्ही दोघी एकदम बोलायला लागलात तर आवाज दुप्पट होतो. एकीनेच बोलायचं, कमी शब्दांत. दुसरीने वर्ग बघायचा. कोण कुठे, हे आधी ठरलेलं हवं, आणि ते नेहमी 'ती त्याच्याकडे, मी वर्गाकडे' असंच नसावं. एका वर्गात आम्ही डस्टरची खूण ठेवली होती. बाईंनी डस्टर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं की त्या त्याच्याकडे येणार आणि मी धड्याचं वाचन पुढे नेणार. मुलांना वर्षभर ते कळलं नाही. निदान आमचा तसा समज होता. वर्षाअखेरीला एका मुलीने विचारलं, "टीचर, आज डस्टर का नाही ठेवलं?"

दोघींनी एका वर्गात शिकवण्याचे मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांनी मांडलेले सहा प्रकार प्रशिक्षणात सांगितले जातात. सगळे करून बघण्याच्या फंदात पडू नका. 'एक शिकवते, एक मदत करते' यात सगळेच अडकतात, तुम्हीही तिथेच आहात. त्यातून बाहेर पडायला दोनच पुरेत. एक, 'एक शिकवते, दुसरी फक्त बघते', आठवड्यातून एकदा, आळीपाळीने, बघणारीने एकच गोष्ट टिपायची. दोन, मुलांचे गट करून त्यांना आळीपाळीने वेगवेगळ्या कामांवर फिरवणं, ज्यात एक काम तुमच्याकडे, एक तिच्याकडे आणि एक मुलांचं मुलांनी करायचं. तो प्रत्येक कामावर जातो, आणि तिसऱ्या कामावर कुणीच मोठं नसतं. खांद्याला खांदा लावून दोघींनी एकच धडा शिकवण्याचा प्रकार दिसायला छान असतो, पण त्याला बरोबरीचं प्रशिक्षण आणि भरपूर एकत्र वेळ लागतो. तुमच्या परिस्थितीत तो मी सुचवणार नाही.

आता तिच्याशी बोलायचं कसं? "तुम्ही त्याला जास्त मदत करता" हे वाक्य कधीही म्हणू नका. ज्या कामासाठी तिला नेमलंय तेच चुकलं असं तिला ऐकू येतं. आणि तिला खरंच तसंच सांगितलेलं असतं: त्याला सांभाळा, काम पूर्ण करून घ्या, वर्गाला त्रास नको. तिची वही अपूर्ण दिसली तर बोल तिलाच लागतात. (बघा, 'तिची वही' लिहून गेले. हेच होतं.) म्हणून आधी तिच्यावरचा भार काढा. "वही अपूर्ण राहिली तर जबाबदारी माझी, त्याच्या घरच्यांशी मी बोलते" हे तिला सांगा आणि तसं वागा. मग म्हणा, "उद्या पहिली दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघते, तुम्ही तो कुठे अडतो ते टिपून द्याल का?" लांबून बघताना तिलाच दिसतं की तो अडायच्या आधीच मान वळवून तिला शोधतो. हे दुसऱ्याने सांगून पटत नाही. तिचं निरीक्षण मागताना ते खरोखर हवंय म्हणून मागा. त्याला कुठला आवाज सहन होत नाही, कंटाळला की बोटं कशी हलवतो, हे तुमच्यापेक्षा तिला शंभरपट जास्त माहीत आहे.

पालकांशी कोण काय बोलणार, तेही ठरवून टाका. शाळा सुटताना मूल तिच्याच हातून पालकांकडे जातं, त्यामुळे सगळे प्रश्न तिलाच विचारले जातात, अगदी "पुढच्या वर्षी जमेल का त्याला?" इथपर्यंत. दिवस कसा गेला, काय केलं, हे तिने सांगावं. प्रगती, परीक्षा, पुढचे निर्णय हे तुमचं आणि विशेष शिक्षकाचं बोलणं. आणि मूल समोर उभं असताना त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलणं दोघींनीही टाळायचं. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं.

वाचाउपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार) देणाऱ्यांकडून मोठमोठे अहवाल येतात. ते जपून ठेवा, पण भेटल्यावर एकच प्रश्न विचारा: "सोमवारी वर्गात मी काय वेगळं करू?" चांगला थेरपिस्ट लगेच उत्तर देतो. पाय जमिनीला टेकत नाहीत, खाली पाट द्या. सूचना एका वेळी एकच द्या. तेवढं चिठ्ठीत गेलं की अहवाल वर्गात पोचला.

आणि मुख्याध्यापकांकडे मागायचंच असेल तर आधी माणूस बदलून मागू नका, वेळ मागा. आठवड्यातून २० मिनिटं, वेळापत्रकात छापलेली, तिच्या पगारी वेळेतली. 'मधल्या सुट्टीत बघा' म्हणजे कधीच नाही. तोपर्यंत माझी एक पळवाट वापरा: पहिल्या तासाची पहिली पाच मिनिटं वर्गाला मूक वाचन द्या आणि दाराशी उभ्या राहून दोघींनी चिठ्ठी वाचा. ही पळवाटच आहे, सोय नव्हे, हे मुख्याध्यापकांना अधूनमधून ऐकवत राहा.

सहायक बदलावी का? सहा आठवडे थांबा. समासातल्या 'स्व', 'इ', 'दा' मोजा. 'स्व' एकाचे तीन झाले तरी गाडी चालू झाली. मुलाला हात लावणं, अपमान करणं, ओढून नेणं असं काही दिसलं तर मात्र सहा आठवडे काय, सहा तासही थांबायचं नाही, लगेच वर कळवायचं. पण तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. नवीन येणारीलाही तीच खुर्ची आणि तीच सूचना मिळाली तर तीही पंधरा दिवसांत कुजबुजायला लागेल.

चिठ्ठीचा नमुना वर दिलाय, तसाच उतरवून घ्या. पहिल्या तीन ओळी तुम्ही लिहा. चौथी, 'मदत'ची, दुसऱ्या आठवड्यापासून तिला लिहू द्या.